पट काढण्याआधीची हूल : पोरं हूल देतात, जोड (समोरचा मल्ल) हलतच नाही

तांबडी_माती
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कुस्ती शिकणारी १५ ते १७ वयाची मुलं, वजनं ४८ ते ६५ किलो, आठवड्यात चार दिवस गादी (मॅट) आणि दोन दिवस माती. एकेरी आणि दुहेरी पट (एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं) हाताला बसलेत. उभ्या जोडीदारावर सरावात सहज निघतात. लढतीत मात्र अडतात, कारण खांदा हलला की समोरच्याला वास लागतो. म्हणून हुली (डावाचे खोटे इशारे) शिकवायला घेतल्या, तर दोन नवीन दुखणी सुरू झाली. एक, मुलगा हूल देतो आणि समोरचा ढिम्म. दोन, हूल देता देता मुलाचीच मान पकडीत जाते. नेमकं काय चुकतं? "अनुभवाने येईल" हे उत्तर नको, ते वस्तादांनी आम्हालाही दिलं होतं.

गादीवाला
पहिलं अंतर तपासा. हात लांब केल्यावर बोटं समोरच्याच्या खांद्याला टेकतात का? टेकत नसतील तर ती हूल नाही, कवायत आहे. तिथून पट मारायचा तर दीड पाऊल टाकावं लागतं हे त्याच्या शरीराला ठाऊक असतं, मग तो कशाला हलेल? टप्प्यात आल्यावर त्याला थांबून बघायची सोय उरत नाही.

हलगी_वाजव
ढिम्म उभा राहतो म्हणजे मंगळवेढ्याचा असणार. ज्वारीचं कणीस वाऱ्यानं हलतं, हुलीनं नाही. 😄

खडाखडी_मास्तर
@तांबडी_माती, दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. मुलं हुलीला वेगळा डाव समजतात. हूल म्हणजे खऱ्या पटाचाच पहिला अर्धा भाग. सुरुवात हुबेहूब तीच हवी, फरक इतकाच की अर्ध्यावर थांबायचं का पुढे जायचं हे तुमच्या हातात राहिलं पाहिजे.

आता मान का सापडते ते बघा. मुलं कंबरेतून वाकतात. डोकं पुढे येतं, नजर त्याच्या पायाकडे जाते, वजन चवड्याच्याही पुढे पडतं. या अवस्थेतून खरा पटही निघत नाही आणि मागेही येता येत नाही. समोरच्याने नुसता हात मानेवर ठेवून खाली दाबलं तरी संपलं. खाली जायचं ते गुडघ्यातून. कंबर वीतभर खाली, पाठ सरळ, नजर त्याच्या छातीच्या मधोमध, कोपरं बरगडीला चिकटलेली. कोपर सुटलं की समोरच्याला बगलडूब (बगलेखालून मागे जाणं) फुकटात.

सुधारायला साधा उपाय. पाठीवर एक काठी उभी धरायला लावा: डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. तशीच ठेवून ३० वेळा खाली-वर. कंबरेतून वाकलं की काठी एका जागी लगेच सुटते, वस्तादाला ओरडावं लागत नाही.

आणि हूल देताना पुढचं पाऊल किती पडतं? चार बोटं पुरे. त्याहून लांब पडलं की ते पाऊल त्यांचं नाही, समोरच्याचं.

माती_एके_माती
हे सगळं गादीचं झालं. मातीतल्या निकाली कुस्तीत चीतपटाशिवाय निकाल नाही, त्यामुळं दर दोन सेकंदाला नाचायची गरज नाही. जत्रेतल्या निकाली कुस्तीत खडाखडी (उभ्यानं हातांची झटापट) लांब चालते, तिथं हूल हाताने दिली जाते, पायाने नाही. मनगट धरायचं, सोडायचं, मानेवर थाप, परत मनगट. बघणाऱ्याला वाटतं काही चाललं नाही. तिथंच सगळं चाललेलं असतं.

शिवाय माती उकरून मऊ केलेली असेल तर पाय घोट्यापर्यंत रुततो. अशा हौद्यात (मातीच्या आखाड्यात) पाय आपटून हूल द्या, आवाज येत नाही आणि उचलायला वेळ लागतो. गादीवर गुडघा टेकून घसरत आत जाता येतं, मातीत गुडघा जागच्या जागी रुततो. म्हणून मातीत पट लांबून काढत नाहीत, जवळ येऊन वाकून काढतात. पट बदलला म्हणजे हूलही बदलणारच की ओ.

शेंगाचटणी
+१. गादीवरच्या पोरांना पहिल्या दिवशी मातीत उतरवलं की त्यांच्या हुली मातीतच राहतात.

गादीवाला
@माती_एके_माती, हाताची हूल गादीवरही तितकीच चालते. उलट मी म्हणेन की कोवळ्या मुलांना आधी हाताचीच शिकवावी. कारण डोळ्याने दिसलेल्या हालचालीपेक्षा कातडीला झालेल्या स्पर्शाला शरीर लवकर उत्तर देतं. हवेत दिलेली हूल तो बघून सोडून देऊ शकतो, मान खेचली तर त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर तोंडावर पडेल.

मान खेचून दुहेरी पट असा बसवा. तळहात मानेच्या बुडाशी नको, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हवा. तिथं पकड लांब दांडीसारखी काम करते आणि कमी जोरात डोकं खाली येतं. कोपर आत, त्याच्या गळपट्टीच्या हाडावर टेकलेलं. एकच आखूड झटका खाली. सतत लोंबकळायचं नाही. तो डोकं वर काढणारच, आणि डोकं वर आलं की कंबर सरळ होते, पाय एका रेषेत येतात. हाताला विरोध जाणवला त्या क्षणी हात सोडून खाली जायचं. विरोध संपायच्या आत. मुलं इथं चुकतात: झटका देतात, मग तो वर आला का ते बघतात, मग निघतात. बघेपर्यंत तो परत पवित्र्यात आलेला असतो.

सीनाकाठ
झटका दिल्यावर तो वर यायच्या ऐवजी खालीच आला तर?

गादीवाला
मग पट विसरा. मान आणखी खेचून त्याच्या बगलेकडून फिरा आणि पाठीमागे ताबा घ्या. २ गुण तेवढेच मिळतात. पटाचं लग्न लावून घेऊ नका.

खडाखडी_मास्तर
@सीनाकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नातच तांबडी_माती यांच्या पहिल्या दुखण्याचं उत्तर आहे. हुलीला समोरचा काय करतो याची उत्तरं मोजकीच असतात.

कंबर मागे टाकून पाय लांबवतो: डोकं पुढे आलं, मान खेचा.
हात खाली आणतो: वरचा भाग उघडा, मानेवर जा किंवा दस्ती ओढा (हात धरून खेचा).
मागे सरकतो: त्याच्यामागे जा, सरकणारा माणूस एका पायावर असतो.
अंगावर येतो: कलाजंग, ढाक, धोबीपछाड, जे हाताला असेल ते. हे सगळे डाव त्याच्या पुढे येण्यावर जगतात.
काहीच करत नाही: पट उघडा आहे. काढा!

पाचवं उत्तर मुलांना कुणी शिकवत नाही. जोड ढिम्म उभा राहिला की मुलगा "हूल फसली" म्हणून परत पवित्र्यात येतो. अहो, फसली कुठं? त्याने पट अडवायची तयारी केली नाही असं त्याने स्वतःच सांगितलं की. त्याच सुरावर पुढे जायचं.

आणि ढिम्म उभा राहणारा बहुतेक वेळा हेच ओळखून असतो की समोरचा खरा येणार नाही. म्हणून लढतीच्या पहिल्या मिनिटात एक तरी पट खराखुरा मारला पाहिजे, निघो न निघो. भीती आधी पेरायची, हूल नंतर उगवते.

हलगी_वाजव
मास्तर, हुरड्याच्या हंगामात पेरणीची भाषा! मानलं मालक.

बचाव_पहिला
उलट बाजूनेही लिहितो, कारण हूल देणाऱ्याला हूल न खाणारा कसा विचार करतो ते माहीत पाहिजे. हात, डोकं, खांदे, डोळे सगळे खोटं बोलतात. बेंबी खोटं बोलत नाही. कंबरेचा पट्टा पुढे सरकला नाही तोवर पट आलेला नाही. त्यामुळे चांगला बचाव करणारा नजर छाती ते बेंबी या पट्ट्यात ठेवतो आणि हुलीला पायाने उत्तर देत नाही. हात थोडे खाली, कंबर दोन बोटं मागे, बस. पाय जागेवर.

यावर तोड एकच: हुलीत कंबरही थोडी पुढे गेली पाहिजे. नुसते हात फडफडवले तर माझ्यासारख्यावर परिणाम शून्य.

उजनी_काठ
मास्तरांची "मागे सरकतो" ही ओळ जरा खुलवून सांगा ना कुणी. एकेरी पटात कुठल्या पायाला हूल आणि कुठला पाय धरायचा यात पोरं गोंधळतात.

सराव_वही
@उजनी_काठ, समजा त्याचा उजवा पाय पुढे आहे. तुम्ही उजव्याला हूल दिली. तो उजवा मागे घेतो. पाय उचलायचा तर वजन आधी दुसऱ्या पायावर टाकावं लागतं, म्हणून त्या क्षणी सगळा भार डाव्यावर असतो. भार असलेला पाय पळू शकत नाही. तोच धरायचा.

पण इथं एक फसगत आहे. भार असलेला पाय पळत नाही तसा उचलतही नाही. मुलं डावा पाय धरतात आणि लगेच वर उचलायला बघतात, कंबर भरते, तेवढ्यात तो पाय मागे लांबवून अंगावर वजन टाकतो. धरल्यावर उचलू नका, फिरा. डोकं त्याच्या बरगडीला आतून घट्ट लावा, दोन्ही हात गुडघ्यामागे बांधा, छाती मांडीला चिकटवा आणि पायाभोवती गोल फिरत डोक्याने बाजूला रेटा. भार दुसऱ्या पायावर गेला की मगच हा पाय वर येतो.

वेळेचं गणित: दिसलेल्या हालचालीला माणसाचं शरीर साधारण पाव सेकंदाने उत्तर देतं. त्याआधी निघालात तर तो हललेलाच नसतो, तुमचा पट आणि हूल एकच होऊन जातात. फार थांबलात तर तो सावरतो. हूल, क्षणभर दम, आणि त्याचं पाऊल हवेत असतानाच पट. दुसरी गोष्ट, एका इशाऱ्याला शरीर निघालेलं असताना लगोलग दुसरा आला तर त्या दुसऱ्याला उत्तर द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. हुलीचं सगळं भांडवल या उशिरात आहे.

माती_एके_माती
पाव सेकंद मोजायला तालमीत घड्याळ लावायचं का आता? 🙂 वस्ताद लोक हे हलगीच्या ठेक्यावर शिकवायचे. एक ठोका हुलीला, पुढचा ठोका डावाला.

सराव_वही
चालेल की, फक्त ठोका दर वेळी तोच ठेवू नका. एक-दोन, एक-दोन अशी लय पडली की तिसऱ्या वेळी समोरचा दोनवर तयार असतो. कधी एक-एक-दोन, कधी सरळ दोन.

गड्डा_रिटर्न्स
अवांतर: ठेक्यावरून आठवलं, २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झाली त्या कुस्तीतली बाहेरची टांग (बाहेरून पाय अडकवून पाडणं) बघा. दोघेही आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे. त्या टांगेला दिलेल्या वादग्रस्त ४ गुणांचं काय मत?

धागापाल
नको. त्या टांगेवर आधीच दोन धागे बंद करावे लागलेत. इथे हुलीवर बोला.

गड्डा_रिटर्न्स
बरं बरं. मग टांगेच्या हुलीवर बोलतो. आतली टांग लावायची असेल तर आधी बाहेरच्या टांगेची हूल द्या. बाहेरून पाय आला की तो आपला पाय आत ओढतो आणि वजन तुमच्याकडे झुकवतो. तेव्हा आतून टांग जाते. अट एक, छातीला छाती लागलेली हवी. लांबून टांगेची हूल देणारा स्वतःच एका पायावर उभा असतो, त्याला नुसता धक्का पुरतो.

गादीवाला
नियमांबद्दल कुणी बोललं नाही. मोठ्यांच्या फ्रीस्टाइलमध्ये ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. नुसत्या हुलीला गुण नाही. निष्क्रिय ठरलात तर आधी ताकीद, मग ३० सेकंदांची मुदत, त्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला १ गुण. म्हणून हूल-हूल खेळत बसणारा पोरगा पंचाच्या नजरेत मागे पडतो.

पण हीच मुदत समोरच्यावर लागलेली असते तेव्हा? त्याला ३० सेकंदांत काहीतरी करावंच लागतं, तो अंगावर येतो. तेव्हा मागे सरकायची हूल द्या. एक आखूड पाऊल मागे, तो भरकन पुढे येतो, आणि खाली जाऊन पट.

दुसरी सोन्याची जागा म्हणजे कड. वर्तुळ ९ मीटरचं, त्याच्या आतल्या बाजूला १ मीटरचा रंगीत पट्टा. समोरच्याची पाठ कडेकडे असेल तर बाहेर पाऊल गेलं की १ गुण जातो. म्हणून तो मागे जाणार नाही, उलट रेटणार. मधल्या वर्तुळात हुलीला पाच उत्तरं असतील, कडेला एकच उरतं. छातीवर रेटायची हूल द्या, तो परत रेटेल, त्याचं कोपर वर उचला आणि बगलेखालून मागे. बगलडूब शिकवायला गादीवर याहून चांगली जागा नाही.

सीनाकाठ
ग्रीको-रोमनवाल्या मुलांना यातलं काय उपयोगी?

गादीवाला
कमरेखाली हात नाही आणि पायाचाही डाव नाही, त्यामुळे पटाची हूल बाद. ढकल-ओढ, दस्ती आणि बगलडूब पुरेपूर.

बार्शी_एक्सप्रेस
परदेशी कुस्त्या बघणाऱ्यांसाठी: जॉर्डन बरोज यांचा दुहेरी पट बघा, २०१२ लंडन ऑलिंपिकचं ७४ किलोचं सुवर्ण. सगळे फक्त पटाचा वेग बघतात. पट सुटायच्या आधी हात आणि डोकं काय करतात तिथं व्हिडिओ थांबवून बघा. आणि जॉन स्मिथ, १९८८ आणि १९९२ ची सुवर्णपदकं. त्यांचा एकेरी पट पार घोट्याला. इतक्या खाली जायचं तर समोरच्याचे हात वर असणं भाग आहे.

माती_एके_माती
परदेशात कशाला जायचं? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यांच्या ढाकेचं नाव आजही तालमीत निघतं. ढाक ही मुळात हुलीवरच चालणारी गोष्ट. समोरचा पुढे रेटत आला नाही तर ढाकेत आत वळणारा स्वतःची पाठ देऊन बसतो. म्हणून आधी आपण रेटायचं, त्याला परत रेटायला लावायचं, आणि त्याचा जोर आला की त्याच जोराला वाट करून देत वळायचं. गादीवाले "सेटअप" म्हणतात, आम्ही "खेळवणे" म्हणतो. भांडण तेवढंच.

गादीवाला
हे मात्र बरोबर बोललात अण्णा.

शेंगाचटणी
गादीवाला आणि माती_एके_माती एकमेकांशी सहमत. धागा जपून ठेवा रे.

सराव_वही
@तांबडी_माती, सराव कसा लावायचा ते लिहितो, कारण समजावून सांगून हूल येत नाही. जोडीदाराला कानात सांगा: तीनपैकी काहीही कर. कंबर मागे टाक, नाहीतर हात खाली आण, नाहीतर काहीच करू नकोस. कुठलं ते हूल देणाऱ्याला माहीत नको. त्याने हूल द्यायची आणि जे उत्तर येईल त्याप्रमाणे अनुक्रमे मान, दस्ती किंवा पट. डाव हात लागेपर्यंतच, पाडायचं नाही, म्हणजे दम हालचालीवर खर्च होतो. २ मिनिटं, मग अदलाबदल, प्रत्येकाच्या ४ फेऱ्या. आठवडाभर हात लागेपर्यंत, पुढच्या आठवड्यात पाडेपर्यंत, मग जोडीदाराला "अंगावर ये" हे चौथं उत्तर वाढवून द्या. सगळी उत्तरं पहिल्याच दिवशी ठेवली तर मुलं अंदाज लावायला लागतात, बघायचं सोडून.

सराव दमण्याच्या आधी घ्या, जोर-बैठकांनंतर नाही. दमलेल्या पायांनी हूल कंबरेतूनच निघते आणि तीच सवय बसते. मेमध्ये सोलापूरच्या उन्हात गादी दहा वाजताच तापते, त्यामुळे पहाटेचा पहिला अर्धा तास यालाच द्या.

बचाव_पहिला
आणि जोडीदाराला सांगा की मुद्दाम हूल खाऊ नकोस. भावाभावाची जोडी असली की तो प्रेमाने हलतो, आणि हूल देणाऱ्याला वाटतं आपण शिकलो. नुरा (आधीच ठरवलेली) कुस्ती नको.

तांबडी_माती
सगळ्यांचे आभार. फोनवर स्लो मोशनमध्ये काढून बघितलं. कंबरेतून वाकणं मास्तरांनी सांगितलं तसंच दिसलं. शिवाय एक नवीन दोष सापडला: खरा पट मारायच्या आधी मुलं मागचा पाय किंचित मागे नेऊन रेटा घेतात, हुलीत मात्र तो पाय हलत नाही. म्हणजे समोरच्याला खरं-खोटं ओळखायला खूणच मिळते. हे कसं घालवायचं?

खडाखडी_मास्तर
छान पकडलंत. यामुळेच जोड ढिम्म राहत असणार. उपाय दोन. मुळात पवित्राच थोडा खोल ठेवा, म्हणजे रेटा घ्यायला पाय मागे न्यावा लागणार नाही. उंच उभा असलेल्यालाच तो न्यावा लागतो. आणि सरावात मागच्या टाचेमागे वीट नको, पायाला लागेल, दुमडलेलं पोतं ठेवा. पाय मागे गेला की पोत्याला लागतो. आठ-दहा दिवसांत सवय मोडते.

तोवर, ज्याची मोडत नाही त्याने ती खूणच वापरावी. हूल देताना मागचा पाय मुद्दाम मागे न्यावा. ज्याने खूण हेरली आहे तो सगळ्यात आधी हलेल.

उजनी_काठ
वा! शेवटचा मुद्दा लई भारी. एक राहिलं, समोरचा डावखुरा असेल तर?

सराव_वही
तुमचा उजवा पुढे आणि त्याचा डावा पुढे, म्हणजे दोन्ही पुढचे पाय समोरासमोर. त्याचा डावा जवळ, उजवा लांब. लांबच्या पायासाठी धावू नका. डाव्यालाच हूल द्या. त्याने तो मागे घेतला की उजवा पुढे येतो आणि पवित्रा तुमच्या रोजच्या सरावासारखा होतो. नाही घेतला तर डावा आहेच समोर. फक्त अशा पवित्र्यात डोक्याला डोकं आपटतं, म्हणून कपाळ त्याच्या कानाच्या बाहेर न ठेवता आत, गळ्याच्या बाजूला ठेवायला शिकवा.

सीनाकाठ
@खडाखडी_मास्तर, पाठीवरची काठी कुठली? वेताची मिळत नाही इकडे.

खडाखडी_मास्तर
झाडूची दांडी चालते. फक्त घरी विचारून न्या.